वशिला, गुणवत्ता आणि पाच नावं

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलचं बासरीचं उदाहरण पाहिलं. उत्तम बासऱ्या कुणाला द्यायच्या? थोर कुळातल्याला किंवा देखण्या माणसाला नव्हे, तर उत्तम वाजवणाऱ्याला. आज हेच उदाहरण सार्वजनिक नेमणुकांना लावून बघू.

गुणवत्ता डावलून वशिल्याचा माणूस बसवतात, ही आपली नेहमीची तक्रार. ती खोटी नाही. अमुक महामंडळावर तमुकांची ‘वर्णी लागली’ असं वर्तमानपत्रं सहज छापतात. शस्त्रक्रियागृहात सर्जनची वर्णी लागली, असं कुणी म्हणतं का? पण महामंडळांचं सोडा, तिथे गुणवत्तेचा फारसा आवही कुणी आणत नाही. अवघड प्रश्न कुलगुरूंच्या नेमणुकीचा आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे शोध समिती किमान पाच नावं कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे पाठवते. नावं वर्णानुक्रमे द्यायची, पसंतीक्रम लावायचा नाही. आता गंमत बघा. ज्यांनी उमेदवार पारखले त्यांनीच डावं-उजवं करायचं नाही! पाचही जण बासरी वाजवणारे. मग बासरी कुणाच्या हाती? ॲरिस्टॉटलचं उदाहरण इथे अपुरं पडतं. वशिल्याला अपात्रच माणूस लागतो असं नाही बरं का. पात्रता आणि निवड यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, तेवढी त्याला पुरते.

डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. समितीच्या नावांमधून दोन नावं राज्य सरकारने राज्यपालांकडे पाठवायची, अशी तरतूद होती. केवढा वाद झाला! पुढे सरकार बदललं, विधेयक मागे घेतलं गेलं. पण तो वाद मुख्यतः निवड कुणी करायची याचा होता. कोणत्या कारणाने करायची, हे बाजूलाच राहिलं.

यावर विचारलं जातं, वरच्या पदावर विश्वासातला माणूस नको का? मंत्र्यांचा स्वीय सहायक तसाच हवा. तिथे निष्ठा हीच गुणवत्ता. कुलगुरूंचं मात्र उलट. प्राध्यापक भरतीसाठी वरून फोन आला, तर त्यांना प्रसंगी ‘जमणार नाही’ म्हणावं लागतं. ते ज्याला म्हणता येत नाही, त्याच्या शोधनिबंधांची यादी कितीही लांब असली तरी तो या कामाला अपात्रच. आणि हा गुण कुठल्याही अर्जाच्या रकान्यात मावत नाही, हेही खरं.

आम्ही सुचवतो ते फार मोठं नाही. कुलगुरूंचं नाव जाहीर करताना, पाचांपैकी याच व्यक्तीची निवड का केली, हे कुलपतींनी एका पानावर लिहून जाहीर करावं. उरलेल्या चौघांची नावं द्यायची गरज नाही. उद्या त्या पानावर खोटी कारणंही लिहिली जातील. जाऊ देत, निदान वाचणाऱ्याला ती खोडून काढता येतील. आता तुमचे प्रश्न घेऊ.