खोक्यावरचे तीनशे वॅट

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या संगणक कक्षासाठी स्पीकरची एक जोडी घेतली. मधल्या सुट्टीत मुलांच्या कानांवर चांगले संगीत पडावे, हा संगीताच्या बाईंचा आग्रह. दुकानात दोन जोड्या होत्या. एकीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘३०० वॅट पीएमपीओ’ छापले होते, दुसरीवर बारीक अक्षरांत ‘१० वॅट आरएमएस’. किंमत जवळपास सारखी. आम्ही अर्थातच पहिली उचलली. पहिल्याच दिवशी डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजला आणि आवाज वाढवताच गायकाचा स्वर फाटला. नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, तीनशे वॅट म्हणजे शंभराचे तीन बल्ब ना? मग हे स्पीकर गरम कसे होत नाहीत?”

प्रश्न बिनतोड होता. पुस्तकाचे परीक्षण आपण करतो, नाटकाचे करतो. मग ज्या मजकुरावर विश्वासून शाळेचे पैसे खर्च होतात त्या खोक्याचे का करू नये? हा लेख म्हणजे त्या खोक्याचे परीक्षण आहे.

पहिले विधान ३०० वॅटचे. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. स्पीकरसोबत आलेला अ‍ॅडॅप्टर उलटा करून पाहिला. त्यावर लिहिले होते: ९ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअर. विद्युतदाब गुणिले विद्युतधारा म्हणजे शक्ती. उत्तर ९ वॅट. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम खोक्यालाही लागू आहे. नऊ वॅट आत जात असतील, तर सतत बाहेर पडणारी शक्ती त्याहून कमीच असणार, कारण काही भाग उष्णतेत जातो.

यावर विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: पीएमपीओ म्हणजे ‘पीक’, क्षणभराची कमाल शक्ती. हा बचाव अगदीच पोकळ नाही. आतल्या धारित्रात थोडी ऊर्जा साठलेली असते आणि तबल्याच्या एखाद्या थापेपुरती ती झटकन मिळू शकते. पण त्यालाही मर्यादा आहे. स्पीकरचा रोध ४ ओहम धरा. साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यावर ९ व्होल्टपेक्षा जास्त दाब येणे शक्य नाही. दाबाचा वर्ग भागिले रोध, म्हणजे ८१ भागिले ४, सुमारे २० वॅट. दोन्ही बाजूंचे मिळून ४०. उरलेले २६० वॅट कोठून आले? ते फक्त छापखान्यातून आले. पीएमपीओ कसे मोजावे याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही, म्हणून वाटेल तो आकडा छापता येतो. आरएमएस या नावाने दिलेला आकडा मात्र सतत मिळणाऱ्या सरासरी शक्तीचा असतो. अमेरिकेत घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातींतील अशाच फुगवट्यामुळे १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला सतत शक्ती जाहीर करण्याचा नियम करावा लागला.

समजा, खरोखरच ३ ऐवजी ३०० वॅट मिळाले. मग आवाज शंभरपट मोठा वाटेल का? नाही. आपला कान तसे मोजत नाही. शक्ती दहापट झाली की आवाज साधारण दुप्पट मोठा भासतो, म्हणजे शंभरपट शक्तीला चौपट. शक्ती नुसती दुप्पट केली तर वाढ ३ डेसिबलची. ती जेमतेम जाणवते. म्हणूनच स्पीकर किती संवेदनशील आहे, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज देतो, हा आकडा वॅटइतकाच महत्त्वाचा आहे. आमच्या खोक्यावर तो नव्हताच.

दुसरे विधान: ‘२० ते २०,००० हर्ट्झ’. मानवी कानाची सगळी कक्षाच इथे छापून टाकली आहे. पण त्या दोन टोकांना आवाज किती डेसिबलने घटतो हे सांगितले नाही, तर या आकड्यांना अर्थ उरत नाही. आमच्या स्पीकरचा पडदा जेमतेम तीन इंची. पुरुष गायकाने काळी एक स्वर धरला तर त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. एवढा लहान पडदा इतक्या मंद कंपनांना पुरेशी हवा ढकलू शकत नाही. तरी तंबोरा ओळखू येतो, कारण जवारीमुळे त्यात वरचे स्वरांश भरपूर असतात आणि त्यांवरून आपला मेंदू गाळलेला खर्ज जुळवून घेतो. स्वर कळतो, पण त्याचे वजन हरवते. डग्ग्याचेही तेच झाले. ज्या मुलाने खरा तबला जवळून ऐकलेला नाही, त्याला तबला असाच वाजतो असे वाटते. माझ्या मते पैशांपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

आता आमच्याही चुका सांगायला हव्यात; सगळाच दोष खोक्याचा नव्हता. संगणकामागे हिरवे, गुलाबी व निळे अशी तीन भोके असतात. हिरवे बाहेर जाणाऱ्या आवाजाचे, गुलाबी माइकचे, निळे बाहेरून येणाऱ्या आवाजाचे. स्पीकरची पिन हिरव्यात बसते. तिथून येणारा संकेत एखाद्या व्होल्टचा आणि दुबळा असतो. अ‍ॅम्प्लिफायर नसलेला स्पीकर थेट जोडला तर आवाज क्षीण येतो. आम्ही संगणकावरचा आवाज अगदी कमी ठेवून स्पीकरचे बटण पूर्ण फिरवले होते, त्यामुळे खरखरही तितकीच वाढली. संगणकाचा आवाज बराच वर आणि स्पीकरचे बटण बेताचे, हे योग्य.

दोन्ही स्पीकर पडद्याला चिकटवून ठेवणे ही दुसरी चूक. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला, तर डावे-उजवे नीट कळते. सुट्या तारा जोडायच्या असतील, तर एका बाजूची अधिक-उणे उलट लागली की एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज एकमेकांना खोडतो. हे दाखवायला सोपा प्रयोग आहे. अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवलेल्या सुट्या स्पीकरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. पडदा कोणत्या बाजूला सरकतो ते डोळ्यांनी दिसते.

सतत घुमणारा आवाज येत असेल, तर संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर जोडून पाहा. मात्र घूं थांबते म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकू नका. ती जीव वाचवण्यासाठी असते.

सगळे सुधारल्यावर संगीत पूर्वीपेक्षा बरे वाजू लागले. डग्गा मात्र परत आला नाही. तो त्या तीन इंचांत नव्हताच.

शेवटची टीका आपल्यावरच. शक्तीचे सूत्र आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो, त्यावर पाच गुणांची उदाहरणे सोडवून घेतो आणि दुकानात गेल्यावर मात्र अ‍ॅडॅप्टर उलटा करून पाहत नाही. त्या मुलीने ते सूत्र आमच्याआधी वापरले. यंदा आपल्या वर्गातील मुलांना घरातील अ‍ॅडॅप्टर, स्पीकर आणि त्यांची खोकी यांवरचे आकडे वहीत उतरवून आणायला सांगा. आत किती वॅट जातात आणि खोके किती सांगते, असे दोन रकाने करा. तबल्याची एखादी जोडी मिळाली, तर तीही एकदा वर्गात आणा. मोजायला सूत्र आहे. पण तुलना करायला खरा आवाज आधी कानात असावा लागतो.