सत्तावीस गडी आणि एक प्रश्न

बैल म्हातारा झाला की शेतकऱ्याच्या घरात एक न बोललेला प्रश्न वावरू लागतो. दहा-बारा पोळे ज्याच्या शिंगांना बेगड लावली, त्याला आता बाजार दाखवायचा की नाही? घरधनी वैरणीचा हिशेब मांडतो, घरधनीण त्याच्या कपाळावरून हात फिरवते, आणि दोघांचेही बरोबर असते. जिथे दोन्ही बाजू बरोबर असतात तिथेच खरी कथा सुरू होते, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच अशा प्रश्नावर लिहिलेली कथा हाती आली की मी ती जरा कठोरपणे वाचतो.

ही कथा अमेरिकेतली आहे. मायकेल शारा या कादंबरीकाराने अमेरिकन यादवी युद्धातील १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईवर ‘द किलर एंजल्स’ ही कादंबरी लिहिली आणि १९७५ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९८८ मध्ये तो वारला. त्याच्या मागे एका छोट्या कादंबरीचे हस्तलिखित सापडले, ते १९९१ मध्ये ‘फॉर लव्ह ऑफ द गेम’ या नावाने छापले गेले. १९९९ मध्ये सॅम रेमीने त्यावर चित्रपट काढला आणि केव्हिन कॉस्टनरने त्यात नायकाचे काम केले. मूळ कादंबरीतला संघ काल्पनिक होता. चित्रपटाने तो डेट्रॉइटचा टायगर्स संघ केला. पुढे मी मुख्यतः या चित्रपटाबद्दलच बोलणार आहे.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे, म्हणून दोन शब्द आधी सांगून टाकतो. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला गोलंदाज. पण त्याचा चेंडू टप्पा घेत नाही. साठ फूट सहा इंचांवरून तो सरळ फलंदाजाकडे फेकायचा. कोपर वाकवण्याला तिथे बंदी नाही, त्यामुळे वेग मिळतो; आणि त्या वेगाची किंमत खांदा व कोपर फेडतात. एका सामन्यात शंभरएक चेंडू टाकले की पिचरला चार दिवस हात निववावा लागतो. अशा हाताचे आयुष्य ते किती! आणि तिथे एक संघ दुसऱ्या संघाला आपला खेळाडू देऊन त्याच्या बदल्यात दुसरे खेळाडू घेऊ शकतो. याला ते ‘ट्रेड’ म्हणतात. आयपीएलमुळे हा शब्द आता आपल्या घरातल्या मुलांनाही परका राहिलेला नाही.

चित्रपटाचा नायक बिली चॅपल चाळीस वर्षांचा आहे. सारे आयुष्य त्याने एकाच संघात काढले. हंगाम संपत आला आहे, त्याचा संघ केव्हाच शर्यतीबाहेर गेला आहे, आणि सामना न्यूयॉर्कच्या यांकीजशी त्यांच्याच मैदानावर आहे. सकाळी म्हातारा मालक येऊन त्याला सांगतो की, मी संघ विकला; नवे मालक तुला सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सना देऊन टाकणार. त्याच सकाळी त्याची प्रेयसीही सांगते की, मी लंडनला चालले. दुखरा हात घेऊन चॅपल मैदानावर उतरतो, एकेक चेंडू टाकताना गेलेली वर्षे त्याच्या मनात उलगडत जातात, आणि त्याच दिवशी तो ‘परफेक्ट गेम’ टाकतो: सत्तावीस फलंदाज आले, सत्तावीस बाद झाले, एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचता आले नाही. सामना संपण्याआधीच त्याने खेळ सोडायचे ठरवलेले असते. ते तो एका चेंडूवर लिहून मालकाकडे पाठवतो.

यातले चांगले ते आधी म्हटले पाहिजे. फेकीच्या आधी प्रेक्षकांचा गोंगाट एकदम नाहीसा होतो आणि मैदानावर फक्त पिचर व कॅचर उरतात, ती क्षणांची शांतता सुंदर आहे. मालकाला खलनायक केले नाही, हेही मोठे शहाणपण. तो चॅपलवर जीव टाकणारा माणूस आहे, आणि वाईट बातमी तो स्वतः येऊन सांगतो.

पण मुख्य प्रश्नाचे काय? म्हाताऱ्या पिचरला द्यावे की ठेवावे? चित्रपट या प्रश्नाला हात घालतो आणि लगेच सोडून देतो. नायकाच्या पदरात परफेक्ट गेम टाकला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि प्रश्न विसरतात. हा निकाल लेखकाने नायकाला दिलेली भेट आहे. आजवर हजारोंनी पिचर होऊन गेले. १८८० पासून २०२३ पर्यंत असे सामने झाले अवघे चोवीस. ज्याला असा दिवस लाभला नाही त्याचे काय करावे? एका दिवसाच्या चमत्कारावरच माणसाची किंमत ठरत असेल, तर चमत्कार न करणाऱ्याला टाकून देणे योग्यच, असे या कथेतून नकळत सिद्ध होते. आणि हे तर लेखकाला मुळीच म्हणायचे नसावे.

गंमत अशी की, चित्रपटानंतर पाचच वर्षांनी वास्तवाने या कथेचा पुढचा भाग लिहिला. १८ मे २००४ रोजी ॲरिझोनाच्या रँडी जॉन्सनने अटलांटाविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. त्याचेही वय चाळीस. आणि पुढच्या जानेवारीत ॲरिझोनाने त्याला यांकीजना दिले! ॲरिझोनाने त्या हंगामात १११ सामने गमावले होते. एका परफेक्ट गेमने संघ उभा राहत नाही. जॉन्सनने मात्र यांकीजकडून सलग दोन हंगामांत सतरा-सतरा सामने जिंकले, आणि २००९ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी आपला तीनशेवा विजय मिळवला, तोही सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सकडून. ज्या गावी जायला चॅपलला कमीपणा वाटला, त्या गावी जॉन्सनचे सोने झाले.

माझा दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. या कथेत एक पात्रच नाही. म्हाताऱ्याला दिले तर त्याच्या बदल्यात येणारा तो तरुण पोरगा कुठे आहे? ज्या डेट्रॉइटचे नाव चित्रपटाने घेतले, त्या डेट्रॉइटलाच हे विचारावे. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइटने छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर आणला आणि बदल्यात आपल्याच मिशिगन राज्यातला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि संघ आपल्या गटात पहिला आला. मग मिनेसोटाविरुद्धच्या मालिकेत तो दोन्ही वेळा हरला. दोन वर्षांत त्याची कारकीर्द संपली. स्मोल्ट्झ पुढे २१३ सामने जिंकला आणि २०१५ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला. म्हाताऱ्या हातावर भरवसा ठेवला तर काय मिळते आणि काय हातचे जाते, ते दोन्ही या एका सौद्यात आहे. गेटिसबर्गच्या कादंबरीत शारा आळीपाळीने दोन्ही छावण्यांत जाऊन बसला होता. इथे तो एकाच छावणीत बसला, म्हणून लढाई अर्धीच दिसते.

तिसरी गोष्ट तर कथेच्या पायालाच लागते. चॅपलपुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत: सॅन फ्रान्सिस्कोला जा, नाहीतर खेळ सोड. वास्तवात तिसरी वाट आहे, आणि ती फुकट मिळालेली नाही. सेंट लुइसमध्ये बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लड या खेळाडूला १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला दिले गेले. त्याने जायला नकार दिला आणि तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची कारकीर्दही गेली. पण १९७३ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने एक कलम मिळवले: दहा वर्षे या वरच्या दर्जाच्या स्पर्धेत आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवाचून दुसरीकडे देता येणार नाही. म्हणजे बिली चॅपलला नुसते ‘नाही’ म्हणता आले असते! नायकाच्या खिशात असलेला हक्क लेखकाने वापरू दिला नाही, कारण वापरला असता तर कारुण्य कमी झाले असते.

आणि हा हक्क असला म्हणजे म्हातारे अडून बसतात, असेही नाही. ३१ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्री मुदत संपत असताना डेट्रॉइटच्या जस्टिन व्हर्लँडरला ह्यूस्टनसाठी विचारण्यात आले. वय चौतीस, त्याच संघातला तेरावा हंगाम. नकाराचा हक्क त्याच्याजवळ होता. त्याने होकार दिला. त्या शरद ऋतूत तो जगज्जेत्या संघात होता, आणि २०१९ व २०२२ मध्ये पिचरचा सर्वोच्च मान, साय यंग पारितोषिक, त्याने मिळवला. डेट्रॉइटला तीन तरुण मिळाले. त्यांतला जेक रॉजर्स पुढे संघाचा कॅचर झाला. सौद्यात डेट्रॉइटच तोट्यात राहिले, असे कोणी म्हणेल. म्हणो. पण ज्या माणसाने तेरा वर्षे हात झिजवला, त्याला त्या रात्री विचारले गेले, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कुठे मांडणार?

तेव्हा माझे उत्तर असे. म्हाताऱ्या पिचरला द्यावे का? संघाला तरुण हवे असतील तर द्यावे. यात कृतघ्नपणा नाही. कृतज्ञतेपोटी नुसते बाकावर बसवून ठेवणे, हाही एक अपमानच. पण विचारून द्यावे. आम्हां शिक्षकांना निवृत्तीची तारीख नोकरीच्या पहिल्या दिवशीच ठाऊक असते, म्हणून आमच्यापुरता हा निर्णय कुणालाच घ्यावा लागत नाही. जिथे तो घ्यावा लागतो, तिथे तो कसा घेतला यावरच घराची परीक्षा होते.

शाराची कथा अवश्य वाचावी, चित्रपटही घरच्यांसह पाहावा, डोळे पाणावतील. पण ते पुसल्यावर आठवावे की, चॅपलने सत्तावीस गडी बाद केले नसते तरीही त्याला विचारायलाच हवे होते. गोठ्यातल्या बैलाला कोणी विचारत नाही, कारण त्याला बोलता येत नाही. माणसाला येते.