उघड्यावरचा मुक्काम : कौटुंबिक स्मरणकथनाची भाषा

मराठीतील निसर्गपर गद्य वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. या गद्यातील पाहणारा मनुष्य बहुधा एकटा असतो. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त (१९५६) बारा मासांचे रंग टिपणारी दृष्टी एकटीची आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'त घरापासून दूर, अरण्याच्या सहवासात राहिलेला निरीक्षक आहे. गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' तर मुंबईतील संसार मागे टाकून राजमाचीच्या परिसरात परततो, तेव्हाच त्याला आपले झाडझाडोरे आणि आपली पाखरे पुन्हा भेटतात. आईबाप, मुले, आजी आणि शेजारचे एखादे बिऱ्हाड अशा साऱ्यांनी मिळून एक रात्र उघड्यावर काढल्याचे चित्र या वाङ्मयात क्वचितच आढळते. घराघरांतून मात्र अशा रात्रींच्या आठवणी उदंड सांगितल्या जातात. जे बोलण्यात इतके विपुल आहे ते लेखनात इतके विरळ का असावे, आणि लेखनात आलेच तर ते फिके का पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कुटुंबांकडून ऐकलेली कथने व तेथील विद्यार्थ्यांचे निबंध यांचा आधार येथे घेतला आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. हल्ली या अनुभवास सर्रास 'कॅम्पिंग' म्हणतात. हा शब्द परका म्हणून त्याज्य ठरत नाही. 'मुक्काम' हाही अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि पुरता आपला झाला. प्रश्न शब्दाच्या कुळाचा नसून त्याच्या स्मरणशक्तीचा आहे. इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर भरविले, तेव्हापासून 'कॅम्प' या शब्दास तिकडे हौसेचा अर्थ अधिकाधिक चिकटत गेला. आपल्याकडे तो शब्द आधीच दुसऱ्या वाटेने आला होता. पुण्याचा कॅम्प लष्कराचा. पिंपरीचा कॅम्प फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासित कुटुंबांचा. आज तेथे गजबजलेली बाजारपेठ आहे, परंतु नाव 'पिंपरी कॅम्प' असेच राहिले आहे. त्या कुटुंबांनी छपराखालच्या पहिल्या रात्री हौसेने काढल्या नव्हत्या. 'छावणी' या शब्दाची कथाही अशीच आहे. छावणे, म्हणजे आच्छादन घालणे, या क्रियेशी त्याचे नाते. तो शब्द सैन्यास लागला आणि पुढे दुष्काळात गुरांच्या चारा छावणीसही लागला. चाकणच्या संग्रामदुर्गास १६६० साली शाइस्तेखानाने वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो सुमारे दोन महिने झुंजविला. तेव्हा या गावाभोवती जो पडला तो 'तळ'. 'तळ ठोकणे' या प्रयोगात आजही मेखांवर पडणाऱ्या घावांचा आवाज ऐकू येतो.

या साऱ्या शब्दांत कुटुंबाच्या वाट्याला आलेला खरा शब्द 'मुक्काम' हाच आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरी तिचा मुक्काम पडतो. कारखान्यांच्या भिंतींमधून वाट काढीत दिंड्या येतात, राहुट्या उभ्या राहतात, चुली मांडल्या जातात आणि सासू, सून, नातवंडे उघड्यावर निजतात. हाच शब्द पोस्टाच्या पत्त्यावर 'मु. पो.' होऊन कायमच्या वस्तीचाही वाचक झाला आहे. एका रात्रीची वस्ती आणि जन्माचे घर या दोहोंस एकच शब्द पुरावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. घर आणि उघडे रान यांत आपली भाषा कुंपण घालीत नाही, असा तिचा अर्थ घेता येईल. धनगर कुटुंबाचा वाडा शेतात बसतो, मेंढरे वाघरीत कोंडली जातात आणि शेताला खत मिळते. ऊसतोडणीवर गेलेल्या कुटुंबाची कोपी फडाशेजारी उभी राहते. त्यांचा मुक्काम हौसेचा नसून पोटाचा असतो. पांढरपेशा घरांची कार्तिकातील आवळीभोजनाची रीत निराळी. तिच्यात एक जेवण झाडाखाली होते आणि दिवेलागणीस मंडळी घरी परततात. रात्र बाहेर काढावी ती वारकऱ्याने, मेंढपाळाने, खळे राखणाऱ्याने, ही जुनी वाटणी होती. ती मोडली ती कारखान्यात नोकरीस आलेल्या कुटुंबांनी, आणि म्हणून त्यांच्या आठवणींस वाङ्मयीन महत्त्व आहे.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली अस्तित्वात आले आणि मोटारी, स्कूटर व यंत्रे यांचे कारखाने येथे एकामागून एक उभे राहिले. मराठवाड्यातून, खानदेशातून, सातारा-सोलापूरकडून माणसे आली. या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी आणि शाळेची रविवारी, अशी रीत पडून गेली. बापाची सुटी मुलांना मिळत नसे आणि मुलांची बापाला. कामगार वसाहतीत वाढलेल्या प्रस्तुत लेखकासही हा गुरुवार परिचित आहे. सारे कुटुंब एका ठिकाणी सापडावयाचे ते दिवाळीत किंवा मे महिन्यात, तेही पाळ्या जुळल्या तर. तेव्हा स्कूटरवर, टेम्पोत अथवा एस. टी.ने मंडळी पवना धरणाच्या काठी, लोहगडाच्या पायथ्याशी किंवा भीमाशंकरच्या वाटेला जात. सतरंजी, घोंगडी, ताडपत्री, वातीचा स्टोव्ह, बाजरीचे पीठ आणि कांदे हे सामान. असे जाणे एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यात दोनदा घडले, फार तर चारदा.

आता या आठवणींचे व्याकरण पाहावे. दोनदा घडलेली गोष्ट सांगतानाही निवेदक 'गेलो' असे क्वचितच म्हणतो. तो 'आम्ही जायचो' असे म्हणतो आणि लिहू लागला की 'जात असू' असे लिहितो. हा रीतिभूतकाळ होय. व्याकरणदृष्ट्या तो नित्य घडणाऱ्या क्रियेचा वाचक आहे. येथे तो दुर्मीळ गोष्टीस नित्याची करून ठेवतो. हे असत्य नव्हे. एकदाच मिळालेला आनंद मनात वारंवार घडत राहिला, याची ही व्याकरणाने दिलेली साक्ष आहे. परंतु लेखनात याची किंमत द्यावी लागते. 'जात असू' म्हटले की ती विशिष्ट रात्र, तो विशिष्ट वारा, त्या रात्री भाकरी करपली की नाही, हे सारे पुसले जाते. विद्यार्थ्यांचे निबंध एकसारखे वाटतात याचे एक कारण येथे सापडते. त्यांतील चांदणे कोणत्याच तिथीचे नसते.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत भेद आहे. पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. घरात आठवण निघते तेव्हा 'आपण गेलो होतो ना, तेव्हा' अशी सुरुवात होते. ऐकणारा त्या रात्रीचा साक्षी असतो. तो दुरुस्ती करतो, भर घालतो, हसतो. तीच आठवण लिहिली गेली की 'आम्ही' येते आणि वाचक कुंपणाबाहेर उभा राहतो. बोलण्यातील गोडी लेखनात उतरत नाही, याचे खापर लेखकाच्या प्रतिभेवर फोडण्याची आवश्यकता नाही. ज्या साक्षीदारांच्या आधारावर बोललेली आठवण उभी होती ते लेखनात हजर नसतात. त्यांची जागा नेमक्या तपशिलाने भरून काढावी लागते.

तिसरी गोष्ट क्रियापदांची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या निबंधांतील काही वाक्यांश असे : चूल पेटायची, भात व्हायचा, पिठले रटरटायचे, अंथरुणे पडायची. सारी क्रियापदे अकर्मक. चूल आपण होऊन पेटते, भात आपण होऊन होतो. 'पेटविणारी' कोण, याचा उच्चार नाही. बाप मात्र सकर्मक क्रियापदांसह येतो. तो वाट दाखवितो, ताडपत्री बांधतो, नक्षत्रे ओळखावयास शिकवितो. आई वाक्यातून गळते, कारण तिचे काम तेथेही घरच्यासारखेच चालू होते आणि मुलाच्या नजरेस त्यात नवे काही दिसले नव्हते. उलट आयांना विचारले तर त्या एकेक गोष्ट नेमकी सांगतात : पाणी किती लांबून आणले, वाऱ्याने स्टोव्ह कितीदा विझला, चुलीचे दगड कोणी लावून दिले, धाकटा रात्री कितीदा रडला. आणि एवढे सांगून 'पण बरे वाटले हो, भिंती नव्हत्या' असेही म्हणतात. मुलाच्या कथनात चांदणे आहे आणि रात्र नाही. आईच्या कथनात दोन्ही आहेत. समीक्षकाने कौल द्यावयाचा झाला तर तो आईच्या बाजूने द्यावा लागेल.

या कसोटीवर दांडेकरांचे गद्य पाहणे उद्बोधक आहे. ते तळेगाव दाभाड्यास दीर्घकाळ राहिले. म्हणजे या औद्योगिक पट्ट्याच्या उंबरठ्यावरच. त्यांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'त सोबती आहेत, गडावरची माणसे आहेत, कोणी भाकर दिली याचे ऋण आहे. बुधा एकटा असल्यामुळे त्याच्या जगण्यातील प्रत्येक क्रियेस कर्ता लाभतो. चूल पेटविणारा तोच, पाणी आणणारा तोच. म्हणूनच त्या कादंबरीतील रान खरे वाटते. परंतु या यशासाठी कथेला कुटुंब दूर ठेवावे लागले. निसर्ग हवा तर संसार सुटला पाहिजे, ही त्या रचनेतील गृहीत गोष्ट आहे. हा दांडेकरांचा दोष म्हणता येणार नाही. बुधासारख्या वृद्धाची ती खरी गरज होती. परंतु पुढील लेखकांनी ते गृहीतक न तपासता उचलले आणि मुलेबाळे घेऊन रानात जाणारा मनुष्य वाङ्मयाच्या दृष्टीने 'सहलीला आलेला' एवढाच उरला. ही आपल्या निसर्गपर गद्यातील मोठी उणीव आहे.

आणखी एका गळतीची नोंद करणे अवश्य आहे. दांडेकरांच्या 'पवनाकाठचा धोंडी'तील पवन मावळ धरणापूर्वीचे आहे. १९७० च्या दशकात पवना धरण झाले. शेते आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. ज्या काठावर मुलांनी नक्षत्रे मोजली तो काठ कोणाच्या तरी शिवाराचा वरचा बांध होता. ते पाणी नदीने रावेतला येते आणि शहराच्या नळांतून घरोघरी पोचते. धरणातून थेट जलवाहिनी नेण्यास विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचे प्राण गेले. आज त्याच जलाशयाच्या काठी भाड्याच्या तंबूंच्या रांगा उभ्या असतात. सुखद आठवण लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी हा इतिहास सांगावा, असा आग्रह धरणे अरसिकपणाचे होईल. परंतु 'तेथे एक सुंदर तळे होते' असे वाक्य लिहिले जाते, तेव्हा चूल जशी आपण होऊन पेटली तसे तळेही आपण होऊन साचते. व्याकरणाची खोड तीच. कर्ता गळला की आधी आईचे कष्ट दिसेनासे होतात आणि मग गावच्या गाव दिसेनासे होते.

यावरून स्मरणरंजन हाच दोष, असा निष्कर्ष काढू नये. आठवण गोड असणे हा तिचा गुण आहे. कामाच्या पाळ्यांत विखुरलेल्या कुटुंबाला एक रात्र एकत्र मिळाली, तिची गोडी जपलीच पाहिजे. सांगावयाचे ते इतकेच की, ही गोडी सामान्य विधानांनी टिकत नाही. 'जात असू' याच्या जागी एकदा तरी 'गेलो' असे लिहावे, तिथी आणि जागा सांगावी, चूल कोणी पेटविली ते सांगावे, पाणी कोणाच्या विहिरीचे होते ते सांगावे. या पट्ट्यातील पहिल्या पिढीचे कामगार आणि त्यांच्या गृहिणी आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या मुलांच्या 'आम्ही'त न मावणारे पुष्कळ काही त्यांच्या 'आपण'मध्ये आहे. ते ऐकून, कर्त्यासह लिहून ठेवणे हे आपल्या विभागांचे आणि आपल्या विद्यार्थ्यांचे काम आहे. त्यातून मराठी गद्याला जे लाभेल ते केवळ निसर्गवर्णन असणार नाही. मुक्काम या शब्दाचे दोन्ही अर्थ, एका रात्रीची वस्ती आणि जन्माचे घर, त्यात एकत्र नांदतील.