उसना सूर

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सणानिमित्त भरलेल्या युवक गायन-स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याचा योग आला. चार मुलांचा एक बँड व्यासपीठावर आला. गीत त्यांनी स्वतः रचले होते. परंतु गिटारचा बाज, दोन आवाजांची गुंफण, अगदी डोके हलवण्याची लकबसुद्धा बीटल्सची होती. सभागृह डोलत होते आणि खरे सांगायचे तर माझा पायही ठेका धरत होता. तरीही गुणपत्रिकेवर ‘स्वतंत्रता’ या रकान्यात मी दहापैकी दोनच गुण दिले आणि शेरा लिहिला, ‘केवळ नक्कल’. त्या शेऱ्याने पुढे मला स्वस्थ बसू दिले नाही. जो आनंद मी स्वतः घेतला, तो माझ्याच लेखणीने नाकारावा, हे प्रामाणिक समीक्षेला धरून होते काय?

दुसऱ्याच्या शैलीवर पोसलेला बँड मूळ बँडइतका आनंद देऊ शकतो का, या प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न मिसळलेले असतात. नवी वाट कोणी पाडली, हा एक. आणि त्या वाटेवरून आपल्याला कोण आनंदाने घेऊन जातो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर इतिहास देतो, दुसऱ्याचे ऐकणाऱ्याचे अंतःकरण. मूळ पुरुषाचा मान अनुकरण करणाऱ्याला मिळू नये, हे न्याय्यच आहे. परंतु मान आणि आनंद यांची गल्लत केली, की समीक्षक निष्कारण कठोर होतो.

ज्यांना आपण मूळ मानतो, त्या बीटल्सचीच गोष्ट पाहू. त्यांच्या १९६३ सालच्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील १४ गीतांपैकी ६ गीते इतरांची होती. त्याच वर्षीच्या ‘विथ द बीटल्स’मध्येही पुन्हा ६. चक बेरी यांचा गिटारचा ढंग, लिटल रिचर्ड यांची आरोळी, एव्हर्ली बंधूंचे जुळे स्वर हे सारे त्यांनी मनःपूर्वक उचलले होते. ‘प्लीज प्लीज मी’ हे शीर्षकगीत तर जॉन लेनन यांनी मुळात रॉय ऑर्बिसन यांच्या धर्तीवर संथ लयीत बांधले होते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या सूचनेवरून त्याची गती वाढवली आणि त्याचे रूप पालटले. लिव्हरपूलची ही चार मुले त्या वर्षी आमच्या स्पर्धेत उतरली असती, तर त्यांनाही मी दोनच गुण दिले असते, अशी शंका येते.

बीटल्सच्या शिष्यांपैकी बॅडफिंगर या बँडची कहाणी मला विशेष अंतर्मुख करते. वेल्समधील स्वान्सी येथे उदयास आलेल्या या बँडला बीटल्सच्याच ‘ॲपल’ कंपनीने आश्रय दिला. त्यांना प्रथम यश मिळवून देणारे ‘कम अँड गेट इट’ हे गीत पॉल मॅकार्टनी यांनी लिहिले, एकट्याने गाऊन-वाजवून त्याचा नमुना ध्वनिमुद्रित केला आणि तो जसाच्या तसा वाजवा, असे या मुलांना बजावले. याहून पूर्ण अनुकरण ते कोणते? परंतु त्याच बँडच्या पीट हॅम आणि टॉम इव्हान्स यांनी आपापली दोन अपुरी गीते एकत्र जोडून १९७० साली ‘विदाउट यू’ हे गीत सिद्ध केले. हॅरी निल्सन यांनी गायलेले तेच गीत १९७२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी पोहोचले. १९९४ मध्ये मराया केरी यांच्या आवाजात एका नव्या पिढीने ते आपलेसे केले. त्याची घडण बीटल्सच्या शाळेतली, हे कानांना लगेच कळते. त्यातील विरहाची कळ मात्र कोणाकडून उसनी आणलेली नाही. पुढे आर्थिक गैरव्यवहारांत हा बँड भरडला गेला. पीट हॅम यांनी १९७५ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, जीवन संपविले. १९८३ मध्ये इव्हान्स यांनीही तोच मार्ग धरला. या दोघांना ‘बीटल्सची नक्कल’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून ठेवताना समीक्षकाचा हात थरथरला पाहिजे.

त्यानंतरची पिढी ओएसिसची. मँचेस्टरमधील आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या नोएल आणि लिअम गॅलगर या बंधूंनी बीटल्सचे ऋण कधी लपविले नाही. १९९५ सालच्या त्यांच्या ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’ या गीताच्या आरंभीचा पियानो ऐकताच लेनन यांचे ‘इमॅजिन’ आठवते. शब्दार्थाच्या दृष्टीने हे गीत सैलच आहे. तथापि २२ मे २०१७ रोजी मँचेस्टरमधील संगीत-कार्यक्रमाच्या अखेरीस झालेल्या बॉम्बस्फोटात २२ निरपराध जिवांचा बळी गेला. त्यानंतर तीन दिवसांनी सेंट ॲन्स चौकात श्रद्धांजलीसाठी लोक जमले होते. मिनिटभराची स्तब्धता संपली आणि गर्दीतील एका स्त्रीने हेच गीत हलक्या आवाजात सुरू केले. पाहता पाहता सारा चौक गाऊ लागला. द्वेषाने मागे वळून पाहू नये, ही भावना त्या शहराला तेव्हा हवी होती आणि ती त्याला या उसन्या सुरांत सापडली. आरंभीचे स्वर कोणाचे, हे त्या क्षणी कोण विचारणार?

याच बँडचे दुसरे उदाहरण मात्र अनुकरणाची मर्यादा दाखविते. १९९७ सालच्या ‘बी हिअर नाऊ’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘ऑल अराउंड द वर्ल्ड’ हे गीत नऊ मिनिटांहून अधिक चालते. त्याच्या लांबलचक शेवटावर बीटल्सच्या १९६८ सालच्या ‘हे ज्यूड’ची छाया स्पष्ट आहे. ‘हे ज्यूड’चा उगम आईवडिलांच्या ताटातुटीने दुःखी झालेल्या एका लहान मुलाला, लेनन यांच्या मुलाला, धीर देण्याच्या इच्छेत होता. तेथील सामुदायिक आलाप लांबतो तो सांत्वनाला घाई चालत नाही म्हणून. ओएसिसने लांबी घेतली, वाद्यांचा गजर घेतला. ती निकड मात्र घेतली नाही. अंगरखा मोठा शिवला, पण आत अंगच नव्हते.

आपल्या ख्रिस्ती परंपरेला हा भेद नवा नाही. सोळाव्या शतकातील पालेस्त्रिना यांनी शंभराहून अधिक मिस्सांना संगीत दिले; त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मिस्सा आधीच्या रचनांवर, कधी स्वतःच्या तर कधी इतरांच्या, आधारलेल्या आहेत. त्या काळी यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तपुराणासाठी मराठी संतकवींचा ओवी छंदच स्वीकारला. छंद पूर्वसूरींचा; पण त्या सुमारे अकरा हजार ओव्यांतील श्रद्धेचा ओलावा त्यांचा स्वतःचा. म्हणूनच आपण तो ग्रंथ नक्कल म्हणून बाजूला ठेवत नाही, वारसा म्हणून जपतो.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. अनुकरण करणारा बँड मूळ बँडइतका आनंद देऊ शकतो; मात्र उसन्या सुरात स्वतःचे सुखदुःख ओतले तरच. केवळ बाह्य रूप उचलणाऱ्याला ते साधत नाही. एक आनंद मात्र त्याच्या आवाक्याबाहेरच राहतो, आणि तो म्हणजे अपूर्वतेचा. पहिल्या पावसाच्या मृद्गंधाची सर पुढच्या सरींना येत नाही. परंतु शेत पिकते ते त्या पुढच्या सरींवरच, हेही विसरता येत नाही.

ती गुणपत्रिका आज माझ्या हाती असती, तर स्वतंत्रतेचे दोन गुण मी बदलले नसते. ते योग्यच होते. ‘केवळ नक्कल’ यातील ‘केवळ’ हा शब्द मात्र मी खोडला असता, आणि खाली लिहिले असते: ‘आम्हां सर्वांना आनंद झाला. पुढचे गीत तुमच्या स्वतःच्या घरातले, गावातले काही सांगणारे करा; सूर याच गुरूंचा असला तरी हरकत नाही.’