हॅम्लेटची धाकटी प्रत

आज आपण वाचतो तो ‘हॅम्लेट’ बहुतेक दोन पाठांवरून सिद्ध केलेला असतो: १६०४-०५चा दुसरा क्वार्टो आणि १६२३चा फर्स्ट फोलिओ. त्यांच्याही आधी, १६०३ साली, लंडनमध्ये या नाटकाची एक बारीकशी पुस्तिका, म्हणजे पहिला क्वार्टो, छापली गेली होती. दोनशे वर्षं ती अभ्यासकांच्या नजरेआड राहिली. १८२३मध्ये सर हेन्री बनबरी यांना एक प्रत सापडली, १८५६मध्ये डब्लिनमध्ये दुसरी. एवढ्या दोनच प्रती आज ज्ञात आहेत. पहिलीला शेवटचं पान नाही, दुसरीला शीर्षकपान नाही.

विद्वानांनी तिच्यावर ‘वाईट क्वार्टो’ असा शिक्का मारला. ओळी सुमारे २२००. दुसऱ्या क्वार्टोत त्या ३८००च्या घरात जातात. पोलोनियसचं नाव इथे कोरॅम्बिस आहे. सर्वांत गाजलेलं स्वगत ओबडधोबड आहे, आणि ते येतंही लवकर. ते लवकर येणं मला मात्र दोष वाटत नाही. प्रचलित पाठात नटमंडळी राजवाड्यात येतात, त्यांच्या खेळातून राजाला पकडायचा बेत हॅम्लेट पक्का करतो, आणि त्यानंतर जगावं की मरावं या विचारात बुडतो. इथे स्वगत आणि ओफेलियाची भेट आधी, नट नंतर. निराशेकडून बेताकडे तो सरळ चालत जातो. चिंतन थोडं उणावतं, पण प्रयोगाला गती येते.

खरं मोल राणीच्या महालातल्या प्रवेशाचं. गर्ट्रूडला नवऱ्याच्या खुनाची कल्पना होती का, हे प्रचलित पाठ संदिग्धच ठेवतो. १६०३ची राणी शपथेवर सांगते की आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि मुलाला सूडात साथ द्यायचं वचन देते. पुढे होरॅशिओबरोबर तिचा एक प्रवेश आहे, तो दुसऱ्या कुठल्याच पाठात नाही; त्यात ती उघडपणे मुलाच्या बाजूची आई आहे. आणि याच महालात येणारं मेलेल्या राजाचं भूत, रंगसूचनेप्रमाणे, रात्रीच्या घरगुती पोशाखात आहे. तटावर चिलखत घालून आला तो राजा होता. इथे येतो तो या घरातला नवरा आणि बाप. एका छोट्या रंगसूचनेनं सगळ्या प्रवेशाचा सूर बदलतो.

हा पाठ आला कुठून? मार्सेलसची वाक्यं इथे पुढच्या पाठांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात, म्हणून ती भूमिका करणाऱ्या नटानं आठवणीतून नाटक सांगितलं असावं, असा एक जुना तर्क आहे. त्या काळी नटाला फक्त स्वतःची वाक्यं आणि आधीच्या वाक्यांची शेपटं लिहून मिळत. आपल्याकडच्या ‘नकला’ तशाच. तर्क वादग्रस्त आहे, पण प्रयोगाचा वास या पानांना नक्की आहे.

म्हणूनच हे पुस्तक दोन प्रकारच्या शाळांत एकदमच शिकवण्याजोगं आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रेअर बुक स्कूलमध्ये (टेरी बेलँजर यांनी ते १९८३मध्ये कोलंबिया विद्यापीठात सुरू केलं) ग्रंथपाल, ग्रंथविक्रेते आणि प्राध्यापक काही दिवसांच्या वर्गात जुनं पुस्तक हाताळायला शिकतात: ताव दोनदा दुमडून क्वार्टोची आठ पृष्ठं कशी होतात, उजेडात धरल्यावर कागदातल्या साखळीरेषा आडव्या का दिसतात. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयानं १९८४पासून शिक्षकांसाठी शेक्सपिअर-अध्यापनाचे वर्ग घेतले. तिथला आग्रह असा की मुलांनी उभं राहून, तोंडानं, एकमेकांकडे बघत संवाद म्हणावेत. एकीकडे बोटांना पान कळतं, दुसरीकडे जिभेला वाक्य. या क्वार्टोला दोन्ही लागतात.

आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून (१८८३) हॅम्लेट मराठीत आहे, आणि गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, गाजवला. आपल्या नाट्यशिक्षकांना माझी विनंती आहे: पहिल्या क्वार्टोचा पाठ संगणकावर मोफत वाचता येतो. महालातला प्रवेश दोन्ही पाठांतून काढा, दोन मुलींना राणी करा आणि वर्गात उभं करा.