हाशेकचा ‘श्वेइक’ : आज्ञा आणि आकलन

यारोस्लाव्ह हाशेक याच्या ‘भला शिपाई श्वेइक’ या चेक कादंबरीकडे पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकी अपयशाचा पुरावा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. अनेकभाषी सैन्य एकदिलाने लढू शकत नाही, हे या कृतीने सिद्ध केले असे मानले जाते. हे मत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या साम्राज्याच्या सामायिक सैन्याने भाषेचा प्रश्न दुर्लक्षिलेला नव्हता. कवायतीच्या आज्ञा जर्मन भाषेत दिल्या जात. त्यांची संख्या सुमारे 80 होती व त्या प्रत्येक शिपायाला पाठ असाव्या लागत. कचेरीचा व्यवहारही जर्मनमध्येच चाले. परंतु शिक्षण व दैनंदिन संभाषण यांसाठी पलटणीची स्वतःची भाषा असे. पलटणीतील एकपंचमांश शिपाई जी भाषा बोलत, तिला ही मान्यता मिळे आणि अधिकाऱ्यांना ती शिकावी लागे. म्हणजे आज्ञा एका भाषेत व आकलन दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी होती. आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे अधिकारी. 1914 साली गॅलिशिया व सर्बिया येथील लढायांत मुरलेले अधिकारी फार मोठ्या संख्येने कामी आले. त्यांच्या जागी आलेल्या राखीव अधिकाऱ्यांपैकी अनेकांना शिपायांची भाषा अवगत नव्हती. व्यवस्था कोलमडली ती या ठिकाणी.

हाशेक 1915 साली 91 व्या पायदळ पलटणीत होता व त्याच वर्षी रशियनांच्या हाती सापडला. हा दुवा निखळताना त्याने जवळून पाहिला. त्याचा लेफ्टनंट लुकाश जन्माने चेक, परंतु चारचौघांत जर्मन बोलणारा. आपले चेकपण तो एखाद्या गुप्त मंडळाच्या सभासदत्वासारखे जपतो. संकेतलिपीचा प्रसंग तर विशेष बोलका आहे. गुप्त तारांची किल्ली एका जर्मन कादंबरीच्या दुसऱ्या खंडात आहे. श्वेइक मात्र अधिकाऱ्यांना पहिला खंड पोचवितो, कारण कोणतेही पुस्तक प्रथमपासूनच वाचावयाचे असते! येथे अवज्ञा मुळीच नाही. आज्ञा पाळली गेली आहे. तिचा हेतू तेवढा पोचलेला नाही. श्वेइकचे सारे सामर्थ्य या फटीत आहे.

हाशेकने ही फट भाषेच्या अंगानेही दाखविली आहे. निवेदन ग्रांथिक चेकमध्ये, पात्रांचे बोलणे रस्त्यावरच्या चेकमध्ये, आणि त्या बोलण्यात छावणीतील मोडके जर्मन शब्द. कादंबरी केवळ भाषांतरातून वाचणाऱ्यास हे स्तर बहुधा एकरूप होऊन भेटतात, आणि मग श्वेइक हा निव्वळ विदूषक वाटू लागतो.

तथापि इतिहासाचा दाखला म्हणून या कृतीला मर्यादा आहेत. हाशेकची दृष्टी चेक शिपायाची आहे. त्याचे हंगेरियन बव्हंशी ठोकळेबाज उतरले आहेत. इटलीच्या आघाडीवर क्रोएट, बोस्नियन व स्लोव्हेन शिपायांनी दिलेली चिवट झुंज या पुस्तकाच्या कक्षेबाहेर राहते. केवळ भाषाभेदाने सैन्य मोडत असते, तर हे सैन्य चार वर्षे टिकते ना.

किंबहुना कादंबरीचा शेवटचा उपलब्ध भागच रूढ मताविरुद्ध साक्ष देतो. रशियन गणवेश अंगावर चढविलेला श्वेइक आपल्याच सैन्याच्या हाती कैदी म्हणून सापडतो, तेव्हा त्याच्याभोवती तातार, जॉर्जियन अशा नानाभाषी लोकांचा मेळा असतो. शत्रूचे साम्राज्यही तितकेच बहुभाषी होते, हे हाशेक येथे सहज दाखवून जातो. 1923 च्या जानेवारीत त्याचा मृत्यू झाला व कृती अपुरी राहिली. परंतु तिचा निष्कर्ष अपुरा नाही : सैन्य अनेक भाषांमुळे दुबळे होत नाही, वरून आज्ञा उतरत राहते पण खालचे बोलणे वर पोचत नाही, तेव्हा ते दुबळे होते.