मुद्राचित्र भिंत सोडते तेव्हा

कलामहाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रणाच्या दालनात शिरले, की हल्ली चौकटीतल्या एचिंगच्या जोडीला छताला टांगलेले, दुमडलेले, शिवलेले, जमिनीवर रचलेले छापील कागद दिसतात. आजचा विद्यार्थी लाकडी ठसा हाताने कोरतो, तसाच लेझर यंत्रावर कापूनही घेतो. नायट्रिक आम्लाच्या विषारी वाफा नकोत म्हणून जस्ताचा पत्रा मोरचूद आणि मिठाच्या द्रावणात खोदतो. छाप निघाला की त्याचे मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) करतो. जुन्या पठडीतल्या शिक्षकांना हे थेर वाटतात, तर तरुणांना क्रांती. इतिहास पाहिला तर दोघांचेही म्हणणे टिकत नाही.

आपल्याकडचे काही मोठे शोध छाप आणि शिल्प यांच्या सीमेवरच लागले आहेत. कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) शांतिनिकेतनात घडले. पुढे लंडनमध्ये हेन्री मूर आणि पॅरिसमध्ये झॅडकिन यांच्याकडे शिल्पकला शिकले. मुद्राचित्रकार हेटर यांच्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत आल्यावर त्यांनी धातूचा पत्राही शिल्पासारखाच कोरला, त्यात उंचसखल पातळ्या काढल्या. जवसाचे तेल कमीजास्त घालून शाया घट्ट-पातळ केल्या, की त्या एकमेकींत मिसळत नाहीत. कडक रूळ वरच्या पातळीवर फिरतो, मऊ रूळ खोलात उतरतो. अशा रीतीने एकाच पत्र्यावरून, एकाच दाबात अनेक रंग उमटतात. सहकारी कैको मोती आणि हेटर यांच्यासह विकसित केलेल्या या पद्धतीचे ‘व्हर्लपूल’ (१९६३) हे ठळक उदाहरण. त्यातला रंग पत्र्याच्या खोलीतून आला आहे.

सोमनाथ होर (१९२१–२००६) यांनी तर शाईच वगळली. १९७० च्या दशकातल्या ‘वूंड्स’ मालिकेसाठी त्यांनी माती किंवा मेणाच्या पृष्ठावर वार केले, त्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात कागदाचा लगदा दाबला. पांढऱ्यावर पांढरी जखम उठली. पुढे ते ब्राँझ शिल्पाकडे वळले, ते याच वाटेने.

झरीना हाश्मी (१९३७–२०२०) याही हेटर यांच्याच कार्यशाळेतल्या. लगद्याच्या ओतीव कागदशिल्पांपर्यंत त्या गेल्या. पण ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ (१९९९) मधले ३६ लाकडी ठशांचे छाप एकत्र लावले, की साधा कागदही घराच्या आराखड्यासारखी जागा व्यापतो.

या तिघांकडे पाहिले की आजच्या प्रयोगांना कसोटी मिळते. छापाचे दोनच गुण त्याचे स्वतःचे आहेत: दाब आणि पुनरावृत्ती. मांडणशिल्पात यांतला एक तरी गुण कामाला लागला पाहिजे. एकाच ठशाचे दोनशे छाप टांगल्यावर शाई विरत जाताना, ठसा झिजताना दिसतो, आणि ही झीजच विषय होते; तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ३/२५ (पंचवीसपैकी तिसरा छाप) असे लिहिण्याची प्रथा मागे पडली तरी बिघडत नाही. उलट प्लायवूडच्या खोक्याला एक छाप चिकटवला, तर ते खोके छापाशिवायही तेवढेच बोलते. विद्यार्थ्यांच्या कामांत हा दुसरा प्रकार बराच आढळतो, आणि परीक्षक नावीन्यावर भाळून त्याला गुण देतात.

खरी अडचण पदवीनंतर सुरू होते. एचिंगचा प्रेस जड आणि महाग. भाड्याच्या खोलीत तो मावत नाही. प्रेस हातचा गेला की मांडणशिल्प उरते, छाप मात्र डिजिटल दुकानातून येतो. म्हणून दिल्लीतला गढी स्टुडिओ, भोपाळचे भारत भवन, १९९९ मध्ये बडोद्यात सुरू झालेली ‘छाप’ ही कार्यशाळा अशा सामाईक जागा मोलाच्या ठरतात. १८९४ मध्ये रविवर्म्यांचा शिळाछापखाना सुरू झाला तो मुंबईत. हा वारसा असलेल्या महाराष्ट्रातल्या कलामहाविद्यालयांनी निदान संध्याकाळी आपले प्रेस माजी विद्यार्थ्यांना खुले करावेत.